थेडाचे तीन कप

थेडा पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा सात कप चहा प्यायली. कपही लहान नव्हते, आमचे नेहमीचे, इंग्लंडातल्या लेस्टरच्या थंडीला पुरतील असे. चहा आपला, आलं-वेलची घालून, दूधसाखरेसकट उकळलेला. कप रिकामा झाला की मी विचारायची, आणखी? आणि ती होकाराची मान हलवायची. मला वाटलं, पोरीला चहा भलताच आवडलेला दिसतो. मी खूश. पाचव्या कपानंतर तिनं डॉक्टरांकडे हळूच एक चमचा मागितला. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. त्यांना वाटलं, साखर कमी पडली. ते उठले, डबा आणला आणि तिच्या सहाव्या कपात दोन चमचे साखर स्वतःच्या हातानं घालून, ढवळून, चमचा धुवायला घेऊन गेले. तिनं तोही कप संपवला, आणि त्यावर सातवाही.

याचा उलगडा मला दोन-तीन आठवड्यांनी झाला. थेडा जर्मनीच्या अगदी उत्तरेच्या किनाऱ्यावरची, पूर्व फ्रिझिया नावाच्या सपाट मुलखातली. तिकडची माणसं इंग्रजांना लाजवतील इतका चहा पितात, आणि त्याचे कायदे आहेत. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक कोरा चहा, कडेनं थोडी साय सोडायची आणि ढवळायचं मुळीच नाही. पाहुण्याचा चमचा बशीत आहे तोवर यजमानानं ओतत राहायचं. चमचा उचलून कपात ठेवला, म्हणजे पुरे. आणि तीन कपांच्या आत पुरे म्हणणं हा त्या घराचा अपमान. आता आमच्या चहात साखर आधीच पडलेली, त्यामुळे चमचा द्यायचा प्रश्नच नव्हता.

"मग सरळ नको म्हणायचं होतंस," मी म्हणाले.

"तुम्ही ओतत होतात," ती म्हणाली.

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं. मला मात्र ते मराठीतच आठवतं.

मी तेव्हा लेस्टरच्या आसपासच्या एका खासदारांच्या मतदारसंघातल्या ऑफिसात काम करत होते. त्यांचं नाव आणि पक्ष सांगत नाही. या कामात न सांगायची सवयच लागते. इथे खासदाराकडे लोक देशाचं धोरण विचारायला फारसे येत नाहीत. भिंतीला ओल आली, बायकोचा व्हिसा अडला, कौन्सिल कचरा उचलत नाही, अशा गोष्टी घेऊन येतात. त्या ऐकायच्या, नोंदवायच्या, योग्य त्या खात्याला पत्र लिहायचं आणि उत्तर येईपर्यंत मागे लागायचं, हे माझं काम. त्याला केसवर्कर म्हणतात. सांगलीहून लग्न होऊन आले तेव्हा मला हे पद जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. पण पुढे सत्तावीस वर्षं केलं आणि, स्वतःच सांगते, बरं केलं.

थेडा आली ती बावीस वर्षांची, विद्यापीठातली, सहा महिने फुकट काम करून अनुभव घ्यायला. जर्मन विद्यार्थी असे अधूनमधून यायचे. ही उंच होती, आणि दाराच्या चौकटींना डोकं आपटून आपटून खांदे थोडे पुढे वाकलेले. सायकलवरून यायची, हातमोजे न घालता, त्यामुळे बोटं कायम लालभडक. चौकटीच्या कागदांची एक वही होती, शाळेत गणिताला असते तशी. त्यात ती सगळं तारीखवार लिहायची. आणि रोज सकाळी आल्याआल्या ऑफिसच्या सगळ्या खिडक्या उघडायची, बरोबर दहा मिनिटं. हवा बदलली नाही तर माणूस मूर्ख होतो, असं तिच्याकडे मानतात म्हणे. ऑक्टोबरात आम्ही हसलो. जानेवारीत नऊ वाजल्यापासून दहा मिनिटं सगळं ऑफिस ओव्हरकोट घालून बसायचं, पण खिडकी लावायची कुणाची छाती झाली नाही.

दर शुक्रवारी तीन ते सहा आमच्या साहेबांची सर्जरी असायची. इथे डॉक्टरांच्या पेशंट तपासायच्या वेळेला सर्जरी म्हणतात, तशीच खासदारांचीही लोकांना भेटायची सर्जरी असते, फरक इतकाच की इथे कुणी बरं होऊन जात नाही. लायब्ररीतली एक खोली घ्यायची, माणशी दहा मिनिटं. माझे नियम दोन. एक, दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. दुसरा, कुणालाही कधीही "होईल" म्हणायचं नाही. "आम्ही लिहितो" म्हणायचं. नवीन माणूस आला की मी हे दोन नियम पहिल्या दिवशी सांगायची. थेडानं ते वहीत लिहून घेतले आणि महिन्याभरात दोन्ही मोडले.

पहिला मोडण्यात माझाही हात होता. तिला तिच्याकडची खडीसाखर कुठे मिळेना. मी तिला बेलग्रेव्ह रोडवर नेलं. एका गुजराती दुकानात पूजेच्या सामानाशेजारी ती बरणीत होती. तिनं एक खडा तिथेच दातांखाली फोडला आणि तिचे डोळे भरून आले. दुकानदार मला म्हणाला, बेन को क्या हुआ? मी म्हटलं, माहेर आठवलं. पुढच्या शुक्रवारी बघते तर लायब्ररीत हिची विजेची किटली, सहा कप, बशा, चमचे आणि ती खडीसाखर. बाहेर ताटकळणाऱ्यांना बसवून ही चहा देणार आणि त्यांचं ऐकणार. साहेबांकडे जायच्या आधीच.

मी रागावले. रांग तुंबते म्हटलं. त्यावर तिनं मला तिचं शास्त्र सांगितलं.

"पहिल्या कपाला माणूस घरून ठरवून आणलेलं बोलतो. दुसऱ्या कपाला रागावतो. खरं काय ते तिसऱ्या कपाला सांगतो."

ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय आपल्याकडेच असते असं मला वाटायचं. पण एक तरुण इंग्रज बाई कचऱ्याच्या डब्याची तक्रार घेऊन आली होती. मी ती "कचरा" या सदरात टाकून मोकळी झाले असते. तिसऱ्या कपाला कळलं की घराची झोपायची खोली बुरशीनं काळी झाली आहे, ही दोन मुलांना घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर झोपते, आणि हे सांगितलं तर सरकार मुलं काढून घेईल या भीतीनं कुणाला बोलत नाही. दोन महिन्यांत तिला दुसरं घर मिळालं. त्यानंतर मी किटलीबद्दल काही बोलले नाही. रांग तुंबायची ती तुंबायचीच.

दुसरा नियम मोडला तो हरिभाईंच्या बाबतीत.

हरिभाई सत्तरीचे, होजिअरीच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं. त्यांची बायको मृदुलाबेन भावाच्या आजारपणात राजकोटला गेली आणि दोन वर्षांहून जास्त राहिली. दोन वर्षं देशाबाहेर राहिलं की इथे कायम राहण्याचा हक्क जातो. चाळीस वर्षं या गावात चपात्या लाटलेल्या बाईला आता परतायला नव्यानं अर्ज करावा लागणार होता. हरिभाई दर शुक्रवारी यायचे, टाय लावून. सांगायला नवीन काही नसायचं. एका शुक्रवारी मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि मला ऐकू आलं, थेडा त्यांना सांगत होती, दिवाळीपर्यंत येतील त्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण तेव्हा उशीर झाला होता. हरिभाईंनी ते सगळ्या बेलग्रेव्ह रोडला सांगितलं. पुढची खोली रंगवून घेतली. बायकोच्या आवडीचा फिका गुलाबी रंग. आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी नकाराचं पत्र आलं.

रिवाजाप्रमाणे ऑफिसनं सहीशिक्क्याचं पत्र पाठवलं असतं, "कळवण्यास खेद होतो" वगैरे. मी पत्र टाइप करायला घेतलं आणि थांबले.

"बोललीस तू," मी तिला म्हणाले, "सांगायला जायचं तूच."

ती सायकल न घेता बसनं गेली. पुढचं मला हरिभाईंनी सांगितलं. त्यांनी चहा ठेवला, तर तिनं सांगून होईपर्यंत कपाला हात लावला नाही. म्हणाली, मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. हरिभाई बराच वेळ गुलाबी भिंतीकडे बघत बसले. मग त्यांनीच तिच्यापुढे कप सरकवला. ती तीन कप प्यायली आणि गेली.

पुढे अपील झालं आणि मृदुलाबेन आल्या, पण पुढच्या उन्हाळ्यात. तोवर थेडा परत गेली होती. मी कळवलं. तिचं एका ओळीचं पोस्टकार्ड आलं: "हे माझ्यामुळे झालेलं नाही, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे."

अशी ही मुलगी सत्ताविसाव्या वर्षी जर्मनीची खासदार झाली.

झाली म्हणजे तीही थोडी आडवळणानंच. तिकडे मतदाराला दोन मतं असतात, एक माणसाला आणि एक पक्षाला. पक्षाच्या मतांवर जेवढ्या जागा येतात तेवढी नावं पक्षाच्या यादीतून वरून खाली घेतात. थेडाचं नाव यादीत अकरावं. जागा आल्या नऊ. ती निवडणूक विसरून गेली आणि समुद्राचा बांध सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेत नोकरीला लागली. तिच्या मुलखात जमीन समुद्रापेक्षा खाली आहे, त्यामुळे बांधावर घुशीनं बीळ केलं तरी ती बातमी असते. वर्षभरात वरच्यांपैकी एकजण राज्यात मंत्री झाला आणि एकीनं प्रकृतीमुळे राजीनामा दिला. थेडा बांधावर बिळं मोजत असताना फोन आला की तुम्ही आता खासदार आहात, हो की नाही ते कळवा.

तिनं हो कळवलं आणि मग मला फोन केला. अभिनंदन वगैरे बाजूला ठेवून तिला विचारायचं होतं, शुक्रवारी माणशी दहा मिनिटं ठेवू की तीन कप?

मी म्हटलं, तुझ्या मतदारसंघात माणसं किती आणि गाई किती ते बघून ठरव.

डॉक्टरांनी गणपतीत अख्ख्या मंडळाला सांगितलं, आमची थेडा जर्मनीत एमपी झाली. एक काका बराच वेळ विचार करून म्हणाले, "थेडा कोण? आपल्यातलीच का? आडनाव काय म्हणालात?" डॉक्टरांनी त्यांच्या पानात आणखी एक मोदक वाढला.

खासदारकीचं कौतुक आम्हाला होतं, तिला फार दिसलं नाही. ती त्या काळात मला जे कळवायची ते असं असायचं: गाड्या वेळेवर नसतात, त्यामुळे बर्लिनला जाताना सुटकेसमध्ये पाव आणि चीज ठेवावं लागतं. आरोग्याच्या समितीवर टाकलंय, कारण बाकीच्या समित्या भरल्या होत्या. खोलीच्या खिडक्या उघडत नाहीत, काच पक्की आहे. या शेवटच्या गोष्टीचा तिला मनापासून राग होता. पहिल्या भाषणाला चार मिनिटं मिळाली. तिकडे कामकाजाच्या छापील वृत्तांतात कोण मध्येच काय ओरडलं तेही लिहून ठेवतात. तिनं मला ते पान पाठवलं. भाषणाच्या मधोमध कुणीतरी ओरडल्याची नोंद होती: मोठ्यानं बोला. त्याखाली लाल रेघ मारून तिनं लिहिलं होतं, "माझ्या भाषणाला मिळालेला एकमेव प्रतिसाद."

आरोग्य समितीमुळे डॉक्टरांना मात्र नवा उद्योग मिळाला. तीस वर्षं हॉस्पिटलात लोकांना भूल दिलेला माणूस, रिटायर झाल्यावर बोलणार कुणाशी? ते तिला लांबलचक ई-मेल लिहायचे. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची, शंका विचारायची, आणि डॉक्टर मला ती उत्तरं जेवताना वाचून दाखवायचे.

तिच्या गावी बंदरावर फेरीबोटीची तिकिटं विकायची एक जुनी शेड रिकामी पडली होती. दर शुक्रवारी ती तिथे बसायला लागली. किटली, कप, खडीसाखर. वेळेचं बंधन नाही, चमचा कपात पडेपर्यंत. लोक यायला लागले. नुसता चहा प्यायलाही यायचे. पुढच्या निवडणुकीच्या यादीसाठी पक्षानं तिचं नाव तिसरं धरलं.

आता गेशेबद्दल सांगायला हवं. गेशे म्हणजे तिच्या गावच्या छोट्या हॉस्पिटलातली सुईण. साठीची, त्या किनाऱ्यावरची निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. थेडासुद्धा. हॉस्पिटलातला प्रसूतीचा विभाग बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा गेशे शेडमध्ये आली. पहिल्या कपाला तिनं कागद दाखवले. दुसऱ्याला ती मंत्र्यांवर चिडली. तिसऱ्याला रडली. आणि थेडा म्हणाली, मी खासदार आहे तोवर हा विभाग बंद होणार नाही.

मला तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं "हरिभाई" म्हणाले. ती म्हणाली, माहीत आहे. पण ती रडत होती, ताई. ती मला ताई म्हणायची, डॉक्टरांनी शिकवलं होतं.

पुढची दोन वर्षं ती छोट्या हॉस्पिटलांच्या नव्या कायद्यावर समितीत काम करत होती, आणि जसजशी वाचत गेली तसतशी तिची पंचाईत होत गेली. गावातल्या त्या विभागात बाळंतपणं फार थोडी व्हायची. अवघड केस आली तर पोटात सुरी चालवणारा आणि भूल देणारा वेळेत हजर असेलच याची खात्री नव्हती. तिनं डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. डॉक्टरांनी त्या दिवशी ई-मेल केला नाही, फोन केला. मी शेजारीच होते. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "अगं, लो व्हॉल्यूम युनिट आहे ते. महिन्यातून एकदा केलेल्या कामात हात विसरतो. मी तिथे माझ्या सुनेला पाठवलं नसतं, हेच सांगितलं तिला."

म्हणजे ती ज्या निष्कर्षाला आली तो तिच्या पक्षानं लादलेला नव्हता. तो तिचा स्वतःचा होता. कायदा बरोबर होता, विभाग बंद होणं बरोबर होतं, आणि बंद होणार नाही हे तिनं सांगितलं होतं.

पक्षातली मंडळी म्हणाली, गप्प राहा. मतदान होऊ दे. मग म्हण की मंत्रालयानं निर्णय घेतला, मी खूप प्रयत्न केला. निवडणूक सहा महिन्यांवर आली आहे, हात दाखवून अवलक्षण कशाला? व्यवहार म्हणून यात चूक काही नव्हती. मी आयुष्यभर अशाच माणसांत काम केलंय, मला ते परकं वाटलं नाही.

थेडानं मला फोन केला. काय करू असं तिनं विचारलं नाही. नुसतं काय घडतंय ते सांगितलं आणि थांबली. आणि माझ्या तोंडून तेच वाक्य गेलं.

"बोललीस तू. सांगायला जायचं तूच."

मी ते सवयीनं म्हटलं. हरिभाईंच्या वेळी पणाला लागलेली होती एक गुलाबी खोली आणि आमच्या ऑफिसची थोडी अब्रू. या वेळी त्या मुलीचं सगळंच पणाला होतं. ते मला माहीत होतं, आणि तरी मी भाजी चिरता चिरता, फोन खांद्याला लावून ते वाक्य म्हटलं. याची टोचणी मला आजही आहे.

कायद्यावरच्या मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी ती शेडमध्ये गेली. आधी कळवलं होतं, त्यामुळे चाळीसेक माणसं जमली होती. तिनं सगळ्यांसमोर कप मांडले, प्रत्येकात खडा टाकला आणि चहा ओतायच्या आधीच सांगितलं. मी सोमवारी या कायद्याच्या बाजूनं मत देणार आहे. विभाग बंद होईल. मी तुम्हाला दुसरं सांगितलं होतं, ते मला माहीत नसताना सांगितलं होतं. कारणं सांगितली, आकडे सांगितले. मग किटली उचलली आणि पहिल्या रांगेतल्या गेशेपाशी गेली.

गेशेनं बशीतला चमचा उचलला आणि कोरड्या कपात ठेवला.

मग तिच्या शेजारणीनं ठेवला. मग मागच्या रांगेत. थेडा मला म्हणाली, कुणी एक शब्द बोललं नाही, ओरडलं असतं तर बरं झालं असतं. नुसता चमच्यांचा आवाज, एकामागून एक, आणि मी भरलेली किटली घेऊन उभी. माणसं निघून गेल्यावर तिनं चाळीस कपांतले खडे परत बरणीत भरले. ओले झाले नव्हते, म्हणाली.

सोमवारी तिनं कायद्याच्या बाजूनं मत दिलं. पक्षानं आधी तोंड उघडल्याबद्दल यादीत तिसरीवरून तेविसावी केली. गावानं आपलं काम चोख केलं. एकतिसाव्या वर्षी ती माजी खासदार झाली. डॉक्टर म्हणाले, गरज सरो वैद्य मरो. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, वैद्य तुम्हीच होतात. त्या दिवशी आम्ही दोघं धड जेवलो नाही.

वर्षभर तिचं पत्र नाही, फोन नाही. बांधाच्या संस्थेत परत गेली एवढं कळलं होतं. मीही फोन केला नाही. काय बोलणार होते?

गेल्या मार्चमध्ये मी रिटायर झाले. शेवटच्या शुक्रवारी सर्जरीची यादी छापून घेतली आणि नेहमीप्रमाणे वरून खाली बोट फिरवलं. ओल, व्हिसा, शाळेचा प्रवेश, पार्किंग. सर्वांत शेवटी, पाच पन्नासला, एक नाव: थेडा. विषयाच्या रकान्यात "इतर". तिनं ऑनलाइन फॉर्म भरून, रीतसर वेळ घेतली होती.

साहेब पावणेसहाला दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. पाच पन्नासला ती आत आली. चौकटीखालून वाकून, तशीच. बोटं लाल. मला मिठी मारली नाही, आधी खिडकीकडे गेली आणि ती उघडली. मग समोरच्या खुर्चीवर, अर्जदारांच्या खुर्चीवर, बसली आणि पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. जर्मनमध्ये एकच ओळ. तिनं अर्थ सांगितला: "रविवारी साडेतीनला चहा असतो. ये. गेशे."

"कधी आलं हे?"

"पाच रविवार झाले."

"गेली नाहीस?"

तिनं नकाराची मान हलवली. मी घड्याळाकडे पाहिलं. सहाला तीन मिनिटं होती. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, हा नियम मी सत्तावीस वर्षं पाळला. लायब्ररीचा माणूस किल्ल्या घेऊन दारात येऊन गेला. मी उठले, कपाटातून तिचीच जुनी किटली काढली. ती जाताना आम्हाला देऊन गेली होती. खडीसाखर नव्हती, लायब्ररीतली पांढरी साखर होती. कप, बशी, चमचा.

पहिल्या कपाला तिनं बांधाबद्दल सांगितलं. दुसऱ्या कपाला ती पक्षावर चिडली नाही, गावावर चिडली नाही, काचेच्या पक्क्या खिडक्यांवर चिडली. तिसरा कप मी ओतला.

"मी बरोबर होते की नाही हे विचारायला मी आले नाही," ती म्हणाली. "मी बरोबर होते. पण पहिला हात तिचा होता मला लागलेला. आणि तिनं चमचा ठेवला. परत गेले आणि परत ठेवला तर?"

या खोलीत बसून जन्मभर मी लोकांना "आम्ही लिहितो" सांगितलं होतं. इथे लिहिणार कुणाला? म्हणून वर्षभर जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं.

"तेव्हा मी तुला जायला सांगितलं. चुकले का?"

उगाच बरं वाटावं म्हणून बोलायची तिला सवय नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "सांगितलंत ते बरोबर. पण दोन्ही वेळा मला एकटीला पाठवलंत. सोबत यायला हवं होतं तुम्ही."

त्यात राग नव्हता. वहीत तारीखवार नोंद करावी तसं म्हणाली. मग लंडनची गाडी आहे म्हणून उठली, मला वाकून मिठी मारली, खिडकी लावली आणि गेली. मी तिथेच बसून राहिले. मला रडू आलं, ते येऊ दिलं.

लायब्ररीचा माणूस आत आला. भला माणूस, मला रिटायरमेंटचं कार्डही दिलं होतं त्यानं. आवराआवरीला हात लावावा म्हणून त्यानं थेडाची कपबशी उचलली आणि कुणीही इंग्रज करील तसं, चमचा बशीतून उचलून कपात टाकला.

"तो बशीतच राहू दे," मी म्हणाले आणि चमचा काढून परत बशीत ठेवला.

मग मी फोन काढला आणि तिला दोनच शब्द पाठवले: कुठला रविवार?

लायब्ररीच्या खिडकीतून समोरचा बसस्टॉप दिसतो. ती तिथे उभी होती, खांदे पुढे, पिशवी पायांपाशी. तिनं खिशातून फोन काढला, वाचला आणि मान वर करून खिडकीकडे पाहिलं. स्टेशनला जाणारी बस आली, दार उघडलं, मिटलं, बस गेली. बस गेल्यावरही ती तिथेच होती. लाल बोटांनी उत्तर लिहीत होती.